उंच केलेल्या जीपगाडीचें सुकाणू

जालना जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत कशी असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. पाणंदींत चाक आंसापर्यंत रुततें. अशा वाटांसाठीं पुष्कळ लोक जीपगाडी पसंत करितात. आणि कांहीं हौशी मंडळी तिचे पाटे बदलून ती उंच करवितात व मोठाले टायर घालतात. त्यायोगें गाडीचें पोट दगडांस घासत नाहीं, हें खरें. परंतु तिच्या सुकाणूवर, म्हणजे स्टिअरिंगवर, कोणता भार पडतो याचा विचार थोडेच करितात. तो येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रचना पाहूं. चालकानें चक्र फिरविलें कीं तें वळण चासीवर बसविलेल्या स्टिअरिंगच्या पेटींत जातें. पेटीचा लहान हात, म्हणजे पिटमन आर्म, ड्रॅग लिंक नांवाची दांडी ढकलतो व चाक वळतें. दोन्ही चाकांस जोडणारी आडवी दांडी ती टाय रॉड. दांड्यांच्या टोकांस बॉल जॉइंट असतात.

अखंड आंसाची गाडी उंच केली म्हणजे पेटी वर जाते, चाकें मात्र जमिनीवरच राहतात. म्हणून ड्रॅग लिंक तिरपी होते. याचा परिणाम घरीं पाहतां येईल. फूटपट्टीचें एक टोक भिंतीवरील खिळ्यांत अडकवा. पट्टी आडवी धरून मोकळें टोक बोटभर वर-खालीं करा. भिंतीपासूनचें अंतर फारसें बदलत नाहीं. आतां पट्टी तिरपी धरून तसेंच करा. टोक स्पष्टपणें दूर-जवळ सरकतें. याच कारणानें खळग्यांत चाक उचललें गेलें कीं, चालकाचा हात स्थिर असतांही गाडी आपोआप वळते. म्हणून पहिला उपाय दांडी जाड करण्याचा नसून ती पुन्हां शक्य तितकी आडवी आणण्याचा आहे.

दुसरी गोष्ट धक्क्याची. रुंद चाकें बाहेर सरकलीं म्हणजे, चाक ज्या खिळीभोंवतीं वळतें तिच्यापासून टायरचा मध्य दूर जातो. हें अंतर दुप्पट झालें तर त्याच दगडाचा टोला टाय रॉडला दुप्पट जोरानें बसतो, आणि दांडी छडीसारखी वांकते.

येथें गणित उपयोगी पडतें. दांडीचा वांकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. २४ मिलिमीटर व्यासाच्या भरीव दांडीऐवजीं बाहेरून ३२ व आंतून २० मिलिमीटर व्यासाची, त्याच जातीच्या पोलादाची नळी घेतली, तर वजन अवघें बारावा हिस्सा वाढतें. परंतु २४ चा चौथा घात ३,३१,७७६. आणि ३२ च्या चौथ्या घातांतून २० चा वजा केला म्हणजे ८,८८,५७६ उरतात. विरोध अडीचपटींहून अधिक झाला! वेळू पोकळ असूनही ताठ कां उभा राहतो, हें यावरून कळेल.

आमचें जालना शहर पोलादाच्या गिरण्यांकरितां प्रसिद्ध आहे. परंतु त्यांची सळई घरबांधणीसाठीं असते. तिचा तुकडा वेल्डिंग करून सुकाणूंत घालणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

बळकट दांडी वांकली नाहीं म्हणजे धक्का नाहींसा होत नाहीं. तो पुढील दुबळ्या भागाकडे जातो. बॉल जॉइंट निखळतो, किंवा पेटीच्या बोल्टांपाशीं चासीस भेग पडते. वांकलेल्या दांडीनें गाडी कशीबशी गांवांत आणतां येते. निखळलेल्या सांध्यानें चाक मोकाट सुटतें. यास्तव दांडीबरोबर सांधे मोठे करावे, पेटीखालीं जाड पत्रा देऊन चासी मजबूत करावी, आणि शेवटीं चाकांची जुळणी तपासून घ्यावी. पाणंदींत नुसता खुळखुळणारा सांधा समृद्धि महामार्गावरील वेगांत सबंध आंसास थरथर कांपवूं शकतो.

कायद्याचेंही स्मरण असावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणींतील तपशिलाचा उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं मेळ राहणार नाहीं असा फेरफार करण्यास मनाई करतें. तेव्हां आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें, मग कारखान्यांत जावें.

तात्पर्य, एकच भाग बळकट केल्यानें यंत्र बळकट होत नाहीं. गाडींत घरचीं माणसें बसावयाचीं आहेत, हें ध्यानांत ठेवून प्रत्येक सांधा पारखून घ्यावा.