चारचौघांत विचारलेला प्रश्न

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात एक खटला चालला. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि गुन्हा असा, की त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवत होते. वाचक त्यात हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारत आणि कर्वे शरीरशास्त्राला धरून, आडपडदा न ठेवता उत्तर देत. या उत्तरांवर अश्लीलतेचा आरोप आला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, सामान्य वाचक त्याच विषयातली शंका विचारतो आहे, मग तिला उत्तर का द्यायचं नाही? असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असं न्यायाधीशांना वाटत होतं. विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल, असं आंबेडकरांचं त्यावर म्हणणं होतं. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्यांनी मासिक बंद केलं नाही. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं.

कर्व्यांना हा त्रास टाळता आला असता. विचारणाऱ्याला खासगी पत्र पाठवलं असतं तर पोलिसांना पत्ताही लागला नसता. पण त्यांनी प्रश्न छापला आणि त्याखाली उत्तर छापलं. ज्यानं पत्र लिहिण्याचं धैर्य केलं तो एक होता. ज्यांना तीच शंका छळत होती आणि लिहायची छाती होत नव्हती, ते कितीतरी होते. छापील उत्तर त्यांच्यासाठी होतं. प्रश्नोत्तरांच्या कुठल्याही समुदायाकडे पाहताना मला आधी हे दिसतं. उत्तर एकाला दिलं जातं, पण ते उघड्यावर दिलं जातं म्हणून त्याची किंमत वाढते.

ही पद्धत जुनी आहे. १७ मार्च १६९१ रोजी लंडनमध्ये जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्या प्रकाशकानं एक पत्रक काढलं. पुढे ते ‘अथेनियन मर्क्युरी’ या नावानं ओळखलं गेलं. कोणीही, नाव न देता, कशाबद्दलही विचारावं. वारा कुठून येतो, लग्नाचं वचन मोडलं तर पाप लागतं का, असं काहीही. प्रश्न कॉफी हाऊसच्या पत्त्यावर यायचे. उत्तरं विद्वानांचं एक मंडळ देतं, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात डंटनसोबत रिचर्ड सॉल्ट हा गणिती, सॅम्युएल वेस्ली हा धर्मोपदेशक आणि अधूनमधून आणखी एखादा, एवढीच माणसं होती. तरी पत्रक १६९७ पर्यंत चाललं. तरुण जोनाथन स्विफ्टची पहिली प्रसिद्ध झालेली कविता याच ‘अथेनियन मंडळा’च्या स्तुतीची. बायकांचे प्रश्नही घेतले जातील, असं डंटननं जाहीर केलं होतं, आणि ते आले. नाव सांगावं लागत नाही म्हटल्यावर कोण कोण विचारायला पुढे येतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

१८४९ मध्ये लंडनलाच विल्यम थॉम्स यांनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ सुरू केलं. अभ्यासकांनी एकमेकांना विचारायचं आणि एकमेकांना सांगायचं. इथे संपादकानं उत्तर देण्याची गरज राहिली नाही, वाचकच वाचकाला उत्तर देऊ लागला. हा बदल फार मोठा होता.

याच बदलाचं आजवरचं सगळ्यात भव्य रूप म्हणजे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’. पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला ज्याचं घरदार कोडवर चालतं त्याला हे नाव सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघा अमेरिकनांनी ही जागा सुरू केली. प्रोग्रामिंग करताना अडलात तर इथे विचारा. जगातला कोणीही उत्तर देईल, फुकट. इतरांनी ते उत्तर वाचून वर किंवा खाली मत द्यायचं. चांगली उत्तरं वर चढतात, चुकीची तळाला जातात. विचारणाऱ्याला जे उपयोगी पडलं त्यावर तो हिरवी खूण करतो. आज तिथे दोन कोटींहून अधिक प्रश्न साठले आहेत आणि तिथे येणाऱ्यांत अमेरिकेनंतर भारतीयांचा मोठा भरणा आहे.

गुणांची व्यवस्था विचारपूर्वक रचलेली आहे. उत्तराला एक अपव्होट मिळाला की १० गुण, उत्तर स्वीकारलं गेलं की १५. गुण साठले की अधिकार वाढतात. १५ गुणांना वर मत देता येतं, ५० झाले की कुणाच्याही मजकुराखाली टिप्पणी करता येते, २,००० ला दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं, ३,००० ला प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. आणि एक बारकावा मला फार आवडतो. दुसऱ्याच्या उत्तराला खाली मत दिलं तर देणाऱ्याचाही एक गुण जातो. नापसंती दाखवायला मुभा आहे, पण त्यासाठी स्वतःच्या गाठीचं थोडं खर्च करायची तयारी हवी. जॉन स्कीट हा इंग्लंडमधला गूगलचा अभियंता २०१८ मध्ये दहा लाख गुण ओलांडणारा पहिला माणूस ठरला. इतकी वर्षं नेमानं परक्यांच्या अडचणी वाचायच्या आणि त्यांना समजेल असं लिहायचं, यामागे केवळ गुणांची हाव असेल असं मला वाटत नाही.

उत्तम उत्तर म्हणजे काय, हे पाहायचं तर जून २०१२ मधला एक प्रश्न पाहावा. विचारणाऱ्यानं सी प्लस प्लसमधला छोटा प्रोग्राम दिला होता. हजारो आकड्यांची एक यादी, प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर बेरजेत घ्यायचा, नाहीतर सोडायचा. हे पुन्हा पुन्हा करायचं. यादी जशी असेल तशी ठेवली तर ११.५४ सेकंद लागत होते. आधी चढत्या क्रमानं लावून घेतली तर १.९३ सेकंद. बेरीज तीच, आकडे तेच, तुलनाही तेवढ्याच. मग क्रम लावल्यानं एवढा फरक का पडावा?

उत्तर देणाऱ्यानं समजावण्यासाठी रेल्वेचं उदाहरण घेतलं. रेल्वेचा सांधा डोळ्यांसमोर आणा, वायरलेस यायच्या आधीच्या काळातला. गाडी येते आहे, कुठल्या रुळावर वळवायची ते सांधेवाल्याला ठाऊक नाही. गाडी थांबवून विचारावं तर थांबायला वेळ, पुन्हा वेग घ्यायला वेळ. म्हणून तो अंदाज करतो. बरोबर निघाला तर गाडी सुसाट जाते. चुकला तर थांबा, मागे घ्या, सांधा बदला. प्रोसेसर ‘जर-तर’पाशी येतो तेव्हा नेमकं हेच करतो. मागचा अनुभव बघून पुढचा अंदाज बांधतो. यादी क्रमानं असेल तर आधी सगळं ‘नाही’, मग सगळं ‘हो’, त्यामुळे अंदाज क्वचितच चुकतो. यादी विस्कटलेली असेल तर अंदाज निम्म्या वेळा फसतो. त्या उत्तराला तीस हजारांहून अधिक लोकांनी पसंती दिली. संगणकाची रचना शिकवणाऱ्या जाडजूड पुस्तकांत ‘ब्रँच प्रेडिक्शन’चं प्रकरण असतंच, पण माझ्या पिढीतल्या कितीतरी प्रोग्रामरांना ते कळलं इथे.

या उत्तराचं श्रेय अर्धं प्रश्नालाही जातं. विचारणाऱ्यानं आपला अख्खा प्रकल्प आणून ओतला नव्हता. जेवढ्यानं अडचण दिसेल तेवढाच, चालवून पाहता येईल असा तुकडा दिला होता, सोबत मोजलेले सेकंद दिले होते. प्रश्न असा मांडायचा तर घरचा अभ्यास करावा लागतो, आणि तो करताना अनेकदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. आपल्याकडच्या शिक्षणात उत्तर लिहायचा सराव भरपूर होतो, प्रश्न लिहायचा होत नाही. नवा मुलगा तिथे ‘रिस्पेक्टेड सर’नं सुरुवात करतो, ‘अर्जंट आहे’ म्हणतो, ‘चालत नाही’ एवढंच सांगतो, शेवटी आगाऊ आभार मानतो. तिथे कोणीतरी त्याचा नमस्कार आणि आभार दोन्ही खोडून टाकतं. त्याला हा अपमान वाटतो. पण पाच वर्षांनी तीच अडचण घेऊन येणाऱ्याला त्या नमस्काराचा उपयोग नसतो, त्याला चूक आणि तिचा उपाय हवा असतो. प्रश्न एकदा विचारला की तो विचारणाऱ्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो.

हे तत्त्व मला मान्य आहे. ते अमलात आणण्याची तऱ्हा मात्र बऱ्याचदा क्रूर होती. पहिलाच प्रश्न धीर करून टाकलेल्या पोराला दोन मिनिटांत ‘डुप्लिकेट’ म्हणून दार लावून घेतलेलं दिसायचं, आणि ज्या जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवलेलं असायचं तो समजण्याइतकी त्याची तयारी नसायची. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनं जाहीर लिहून मान्य केलं, की नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर अनेकांना ही जागा आपली वाटत नाही. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली. पण तोवर पुष्कळ माणसं दुखावून निघून गेली होती. जाणकारांना पुन्हा पुन्हा तेच ते विचारलं जाण्याचा वैताग येतो, हे खरं. तरी ज्याला शिकवायचं आहे त्यानं वैताग गिळायचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच कुळातली, गणित संशोधकांची ‘मॅथओव्हरफ्लो’ २००९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या तरुण गणितज्ञांनी सुरू केली. २०१० मध्ये तिथे एकानं विचारलं, की जो गाउस किंवा ऑयलर नाही त्या सामान्य माणसानं गणितात काय भर घालायची? उत्तर दिलं विल्यम थर्स्टन यांनी. १९८२ चं फील्ड्स पदक मिळवलेला माणूस. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की गणिताचं पीक प्रमेयांत मोजू नये. माणसांची समज वाढणं हे खरं पीक, आणि ती समज एकमेकांशी बोलण्यात, समजावून सांगण्यात जिवंत राहते. दोन वर्षांनी थर्स्टन गेले. एका अनोळखी विद्यार्थ्याच्या शंकेपायी त्यांनी लिहून ठेवलेलं ते पान आजही वाचता येतं.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. आठवड्याच्या आत स्टॅक ओव्हरफ्लोनं त्यानं लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण ती ठाम आणि सफाईदार होती, पण चुकीची असण्याचं प्रमाण फार होतं, आणि तपासणारी माणसं मोजकी. जून २०२३ मध्ये, यंत्राचा संशय असलेली उत्तरं काढण्यावर कंपनीनंच निर्बंध आणले म्हणून विनावेतन राबणाऱ्या मॉडरेटरांनी संप केला. मे २०२४ मध्ये कंपनीनं ओपनएआयशी करार केला. आपली उत्तरं यंत्राला शिकवण्यासाठी दिली जाणार म्हणून काही जुन्या सभासदांनी ती पुसायला घेतली. कंपनीनं ती परत आणली आणि खाती काही काळ गोठवली. ही उत्तरं अशा परवान्याखाली लिहिलेली आहेत, की कोणीही वापरावीत पण लिहिणाऱ्याचं नाव सांगावं. यंत्राच्या तोंडून तेच ज्ञान बाहेर येतं तेव्हा ते नाव कुठे असतं? चिडलेल्यांचा सल हा होता आणि मला तो रास्त वाटतो. दरम्यान प्रश्न येण्याचं प्रमाण, जे २०१४ नंतर हळूहळू उतरत होतंच, ते २०२२ नंतर कोसळलं.

लोक का गेले हे समजायला कठीण नाही. यंत्र रात्री दोनलाही उत्तर देतं, हिडीसफिडीस करत नाही, मराठीत विचारलं तरी चालतं. ज्या मुलाचा पहिला प्रश्न फटकारला गेला त्याला हा दिलासाच आहे. पण तिथे झालेलं बोलणं त्याच्या पडद्यावरच राहतं. त्याची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडत नाही, उत्तर चुकलं तर ‘थांबा, हे असं नाही’ म्हणायला तिसरा माणूस नसतो. पासवर्ड ‘एमडी५’ वापरून साठवा, असं सांगणारी जुनी उत्तरं स्टॅक ओव्हरफ्लोवर होती. त्यांच्याखालीच इतरांनी लिहिलेलं असे, की हे आता सुरक्षित नाही, ‘बीक्रिप्ट’ वापरा. वाचणाऱ्याला चूक आणि दुरुस्ती एकत्र दिसे, आणि ज्ञान बदलतं हेही दिसे.

मराठीत याला जागा कुठे आहे? ‘मायबोली’ १९९६ पासून आहे, पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ आली, ‘क्वोरा’ मराठीत आलं. तिथे विचारलेलं शोधलं तर सापडतं. पण आपल्याकडचा व्यवहारातला बहुतेक प्रश्न आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारला जातो. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांचा एखादा ग्रुप घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की पानांचे फोटो सुरू होतात. पानावर पिवळसर तेलकट डाग, खाली प्रश्न: काय मारू? भराभर औषधांची नावं येतात. मग एखादा जाणता विचारतो, पानाची खालची बाजू दाखवा. खाली पांढरी वाढ असेल तर डाउनी, वरच राखेसारखी भुकटी असेल तर भुरी. छाटणी होऊन किती दिवस झाले, पाऊस कधी झाला, आधी काय फवारलं? सी प्लस प्लसचा तो प्रश्न ज्या शिस्तीनं मांडला होता, तीच शिस्त हा शेतकरी न शिकवता मागतो आहे.

दुपारपर्यंत त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि बाजारभाव येऊन पडतात आणि हा सगळा शहाणपणा वर सरकून जातो. पुढच्या हंगामात दुसरा कोणी तोच फोटो टाकतो, आणि त्या जाणत्याला पुन्हा सगळं लिहावं लागतं, किंवा तो कंटाळून गप्प बसतो. शिवाय फवारणीनंतर काय झालं, हे विचारणारा सहसा सांगतच नाही. ग्रुपमधल्या कुणा शिकल्यासवरल्या पोरानं असे प्रश्न निवडून, फोटोसह, नावाचं श्रेय देऊन एका उघड्या पानावर ठेवायचं मनावर घेतलं, आणि विचारणाऱ्यानं पंधरा दिवसांनी ‘अमुक मारलं, डाग थांबले’ किंवा ‘थांबले नाहीत’ एवढी ओळ त्याखाली लिहिली, तर पलूसच्या बागेतलं उत्तर दिंडोरीच्या माणसाला छाटणीच्या आधीच वाचायला मिळेल.