न्हाणीतला हौद काढून शॉवर : खर्च नळाचा नव्हे, फरशीखालचा

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या पट्ट्यातील आमच्या घरांत आंघोळीचा टब क्वचितच आढळतो. तो फार्महाऊसवाल्यांच्या बंगल्यांत असतो. आपल्या न्हाणीत त्याची जागा सिमेंटच्या हौदाने अडवलेली आहे. नळाला दिवसातून तासभर पाणी यायचे तेव्हा हा हौद गरजेचा होता. आता पुष्कळ घरांवर टाकी आली, आणि हौद काढून शॉवर बसवला तर किती पैसे पडतील, हा प्रश्न निघू लागला.

हा प्रश्न निव्वळ चैनीचा नाही. घरात म्हातारे आई-वडील असतील तर हौदावर वाकून पाणी काढताना ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरण्याची धास्ती रोजची. दुसरीकडे, लहान दुकानदाराचा हा पैसा बहुधा मालाच्या भांडवलातूनच निघतो. म्हणून घण मारण्याआधी हिशेब झाला पाहिजे.

आम्ही कापडवाले. सदऱ्याची किंमत नुसत्या कापडावर ठरत नाही, अस्तर, बटणे आणि शिलाई धरावी लागते, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. इथेही तेच. समजा न्हाणी ५ फूट बाय ६ फूट आहे. जमीन ३० चौरस फूट. भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल लावल्या तर दरवाजा वजा जाता सुमारे १३६ चौरस फूट. तुटफूट १० टक्के धरून माल घ्यायचा सुमारे १८५ चौरस फूट. भाव फुटाला ५० रुपये धरला तर ९,२५० आणि १०० धरला तर १८,५०० रुपये. मिस्त्री व मदतनीस मिळून दिवसाला २,००० रुपये धरले आणि काम ८ दिवस चालले तर मजुरी १६,०००. शॉवर १,५०० रुपयांचा आणला तरी या हिशेबात तोच सर्वांत लहान आकडा. हे भाव नमुन्याचे आहेत. आपल्या बाजारचे भाव घालून प्रत्येकाने मांडणी करावी.

या मांडणीत चार रकमा हमखास विसरल्या जातात. पहिली, हौद फोडणे आणि राबिट उचलून नेणे. दुसरी, वॉटरप्रूफिंग. जुनी फरशी निघाली की खालचा कोबा उघडा पडतो. टाइल लावण्याआधी तिथे पाणी भरून निदान २४ तास ठेवावे आणि ओल उतरते का ते पाहावे. तिसरी, नहाणी ट्रॅप व उतार. फुटाला सुमारे ४ मिलिमीटर उतार हवा, म्हणजे ५ फुटांत पाऊण इंच. चौथी, पाइप. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, साधा पीव्हीसी चालत नाही. इन्स्टंट गीझर ३ किलोवॉटचा घेतला तर तो १३ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. त्याला वेगळी जाड वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

सर्वांत आधी मात्र दाब पाहावा. १० मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. बैठ्या घरावर टाकी ३ फुटांच्या स्टँडवर असेल तर शॉवरपर्यंत उंची जेमतेम ६ फूट राहते आणि दाब किलोच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या दाबावर ताटाएवढा रेन शॉवर नुसता ठिबकतो. हँड शॉवर किंवा लहान तोंडाचा शॉवर घ्यावा, नाहीतर पंपाचा खर्च धरावा. पारख फुकटात होते : नळाला रबरी नळी लावून ती ७ फुटांवर धरा आणि १८ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर पाहा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला ९ लिटर.

याच आकड्यावर पाण्याचाही हिशेब होतो. चार मिनिटांत दोन बादल्या आणि दहा मिनिटांत पाच. ज्या खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते, त्याच भागात उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. प्रेषित मुहम्मद (स.) गुसलसाठी सुमारे एक साअ, म्हणजे अंदाजे तीन लिटर पाणी वापरत, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा साबण लावताना कॉक बंद करण्याची सवय घरात लावावी. बादलीचा नळ आणि वजूसाठी खाली बसून वापरता येईल असा नळ मात्र काढू नये. वीज गेली, टाकी रिकामी झाली, तर तेच कामी येतात.

शेवटी आमच्या कारागीर बांधवांसाठी. प्लंबर व मिस्त्री मंडळींनी तोंडी आकडा न देता फोडकाम, वॉटरप्रूफिंग, पाइप, टाइल, मजुरी असा वेगवेगळा कागद द्यावा. नळ, पाइप, टाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि सिमेंटवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आला. भावात कर धरला की नाही, हेही त्या कागदावर यावे. घरमालकाने उचल थोडी द्यावी आणि पाणी भरून ओल नाही हे पाहिल्यावर पुढचा हप्ता द्यावा. कागद पूर्ण होऊन रक्कम भांडवलाला झेपत नसेल तर हौद एवढाच काढावा, खडबडीत टाइल आणि भिंतीला पकडायला एक दांडी बसवावी. शॉवर पुढच्या वर्षी घेता येतो. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये, ही निकड मात्र आजची आहे.