टोकाचा हिशेब

गणितज्ञ मासाकी काशिवारा यांना 2025 चं आबेल पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा ‘हा मान मिळवणारे पहिले जपानी’ एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. त्यांच्या कामातला एक धागा मात्र फार काळ टिकणारा आहे. गणितात ज्या जागा टोकदार किंवा दुमडलेल्या असतात, त्या वगळायच्या नसतात. हिशेबाची खरी गंमत तिथेच असते. 1963 मध्ये अटिया आणि सिंगर या गणितज्ञांनी गुळगुळीत, बंदिस्त जागेसाठी दाखवलं की, काही विशिष्ट समीकरणांच्या उकली किती आणि उकल मिळण्यासाठीच्या अटी किती, यातला फरक समीकरण न सोडवताही जागेच्या घडणीवरून काढता येतो. हा फरक म्हणजे इंडेक्स, आणि तो पूर्णांकच असणार.

आता कळ्या नसलेल्या, नुसतं टोक असलेल्या मोदकाचा पृष्ठभाग घ्या. टोकाभोवतीचा कोन 360 ऐवजी 120 अंश आहे असं धरू. टोक सोडून उरलेली सगळी वक्रता जमवली आणि 2π ने भागली, तर 4/3 येतात. गोलासाठी हाच आकडा 2 असतो, आणि तो एक इंडेक्सच आहे. उरलेले 2/3 टोकाच्या नावावर जमा आहेत. टोक कापून टाकलं की हिशेब अपूर्णांकात अडकतो. ‘मग दुमडलेली जागा उलगडून गुळगुळीत करा ना,’ असं कुणी म्हणेल. पण नेमका हाच आकार कुठल्याही गुळगुळीत पृष्ठभागाची सांत घडी घालून मिळत नाही. गणितज्ञ कावासाकी यांनी टोकांचे हे वाटे मोजणारं सर्वसाधारण सूत्र दिलं.

याच हिशेबाची क्वांटम बाजू अधिक खट्याळ. स्थान x आणि संवेग p यांच्या गुणाकारात क्रम बदलला की iħ चा फरक पडतो (ħ हा क्वांटम भौतिकीतला स्थिरांक). डिफॉर्मेशन क्वांटायझेशनमध्ये फलनं तीच ठेवून फक्त गुणाकाराचा नियम बदलतात. (x, p) आणि (−x, −p) एकच मानले की प्रतलाचा शंकू होतो आणि हाती उरतात x², xp, p². शाळेतल्या गणितात x²·p² = (xp)²; इथे मात्र उजवीकडे iħ·xp ची भर पडते. शंकूचं समीकरणच बदलतं! फ्लाउम, पोस्टुमा आणि तांग यांनी 2007 मध्ये अशा बदललेल्या गुणाकारातूनच कावासाकींचं सूत्र मिळवलं. असा बदललेला गुणाकार मिळतोच, ही कोन्त्सेविच यांनी 1997 मध्ये गुळगुळीत प्वासाँ जागांना (x-p सारखी रचना असलेल्या जागांना) दिलेली हमी सरसकट सगळ्या टोकदार जागांना लागू होत नाही, हे खरं. पण त्यामुळे विषय लंगडा पडत नाही, काम कुठे बाकी आहे ते कळतं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं, असंही म्हणू नये. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले विजयकुमार पतोडी यांनी अटिया-सिंगर यांच्याबरोबर, जागेला कडा असेल तर इंडेक्समध्ये कोणती दुरुस्ती करावी लागते, ते शोधलं. या तिघांचा पहिला संयुक्त निबंध 1973 चा. पतोडी 1976 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी गेले. काशिवारांवर लिहिताना मुंबईच्या पुरवण्यांनी पतोडींचंही नाव घ्यावं.