भंगारातील पाटा आणि सुरीचे पोलाद

नागभीडसह चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात विळे, कोयते आणि कुऱ्हाडी घडवण्याची परंपरा जुनी असून, या भागातील लोहारा येथील लोहखनिज एकोणिसाव्या शतकातही प्रसिद्ध होते. आज छंद म्हणून सुरी घडवणाऱ्यास मात्र खनिज वितळवावे लागत नाही. मोडीत निघालेल्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकांवरील धक्के सोसणारी लवचीक पोलादी पट्टी, त्यास पुरेसा ठरतो, कारण त्यात साधारणपणे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो.

भट्टीत लाल करून ठोकलेली आणि घासून आकार दिलेली ही पट्टी सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते, जेव्हा तिला लोहचुंबक चिकटत नाही, आणि लगेच तेलात बुडवली जाते. त्या वेळी कार्बनचे अणू लोहाच्या स्फटिकजालात अडकून ‘मार्टेन्साइट’ ही अतिकठीण, परंतु ठिसूळ रचना तयार होते. म्हणूनच पाते सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास पुन्हा तापवतात. ‘टेम्परिंग’ नावाच्या या प्रक्रियेत कठीणपणा किंचित घटून चिवटपणा वाढतो. मुठीसाठी सागाचा टाकाऊ तुकडा चालतो. जुन्या पाट्यात मात्र वर्षानुवर्षांच्या ताणामुळे सूक्ष्म चिरा पडलेल्या असू शकतात, त्यामुळे निवडीपूर्वी त्याची बारकाईने तपासणी करणे आवश्यक ठरते.