धान्यसाठा आणि कृषी करार : प्रश्न मोजणीचा

जागतिक व्यापार संघटनेचा कृषी करार १९९५ पासून अमलात आला. व्यापारात विकृती आणणाऱ्या पीकनिहाय अनुदानावर त्याने मर्यादा घातली : विकसनशील देशांसाठी सर्वसाधारणपणे त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के, विकसित देशांसाठी ५ टक्के. वरकरणी ही सवलत उदार वाटते. मात्र खरा वाद मोजणीच्या पद्धतीचा आहे.

सार्वजनिक साठ्यासाठी शासन किमान आधारभूत किमतीने धान्य खरेदी करते. अनुदान मोजताना या किमतीची तुलना चालू बाजारभावाशी नव्हे, तर १९८६-८८ च्या संदर्भ किमतीशी केली जाते. मधल्या महागाईमुळे हा फरक फुगतो आणि प्रत्यक्षात अल्प असलेले साहाय्यही कागदोपत्री मर्यादा ओलांडते.

साठ्यातील धान्य निर्यातीत उतरेल, अशी निर्यातदार देशांची भीती आहे. २०१३ च्या बाली परिषदेत तत्कालीन साठा योजनांना तंट्यापासून अंतरिम संरक्षण मिळाले. २०१४ मध्ये ते कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत वाढविण्यात आले. भारताने २०१८-१९ च्या तांदळासाठी त्याचा आधार घेतला. २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही तोडगा निघाला नाही. शेतकऱ्याचा हमीभाव आणि गरिबाचे रेशन या दोन्हींचे भवितव्य अशा रीतीने एका जुन्या आकड्याशी जखडले गेले.