टक्केवारी आणि मौलिकता

शोधप्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली की साम्यशोधनाच्या अहवालासाठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जी धावपळ सुरू होते, तिच्या मुळाशी अशी एक दृढ समजूत असते की, आकडा दहा टक्क्यांच्या आत आला म्हणजे लेखन मौलिक असल्याचा दाखलाच हाती पडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी असा दाखला कोणालाही दिलेला नाही. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, साठपर्यंत वर्षभर मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द, एवढाच तो शिक्षेचा तक्ता आहे. संगणकप्रणाली शब्दांशी शब्द ताडून पाहते. ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली’ हे सर्वज्ञात वाक्य ती रंगवून दाखवील. उलटपक्षी, दुसऱ्याने वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेला युक्तिवाद पर्यायी शब्दांत घोळवून ज्याने आपल्या नावावर चढविला, त्याचे पान बहुधा स्वच्छच राहील. ही चोरी ओळखण्यास तो विषय जाणणारा वाचकच लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून दुसरा भ्रम बळावला आहे, तो असा की यंत्राने लिहिलेले यंत्र हमखास ओळखते. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे परीक्षक साधन काढले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा २६ टक्के ओळखला, मनुष्याने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर नाहक आळ घेतला, आणि जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या निबंधांवर अशी साधने अधिक संशय घेतात, असे स्टॅनफर्ड येथील संशोधकांना त्याच वर्षी आढळले. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने ही बाब अत्यंत गंभीर आहे. निव्वळ आकड्यावरून त्यांना अपराधी ठरविणे हा माझ्या मते उघड अन्याय होय.

यंत्राने दिलेले संदर्भ मात्र निर्धास्तपणे घ्यावेत, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे पृष्ठांकांसह रचून देण्याची त्याला खोड आहे.

म्हणून मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे की, अहवालावर सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याला समोर बसवावे, त्याची टिपणे आणि कच्चे खर्डे पाहावेत आणि निदान एक प्रकरण त्याच्याच तोंडून समजून घ्यावे.