जेसन : एजंटाच्या समजुतींना स्वतंत्र कप्पे

सॉफ्टवेअरमधला एजंट म्हणजे परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घेणारा प्रोग्रॅम. त्याच्याजवळ भोवतालाविषयीच्या समजुती असतात, गाठायची उद्दिष्टे असतात आणि त्यासाठी लिहून ठेवलेल्या योजना असतात. या मांडणीचे मूळ अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांच्या १९८७च्या ग्रंथात आहे. आनंद राव यांनी १९९६ मध्ये तिच्यावरून एजंटस्पीक ही भाषा कागदावर मांडली. पुढे ब्राझीलच्या राफाएल बोर्दिनी आणि जोमी ह्यूबनर यांनी जावामध्ये तिला चालते रूप दिले. तेच जेसन.

काय घडले, कोणत्या परिस्थितीत घडले आणि मग काय करायचे, एवढ्यात जेसनमधली योजना संपते. अशा सुट्या योजना पाहून भाषा मुळातच मॉड्यूलर आहे असे वाटते. पण सगळ्या योजना समजुतींच्या एकाच साठ्यातून वाचतात आणि त्यातच लिहितात. खरी गोची तिथे आहे.

घर बांधून घेणारा एजंट नळकाम आणि वायरिंग अशा दोन कामांच्या निविदा एकाच वेळी मागवतो आहे असे समजा. निविदा हाताळणारी फाइल दोन्हींसाठी तीच. प्लंबरचा आकडा ‘भाव’ या नावाने नोंदला जातो, वायरमनचाही त्याच नावाने. सर्वांत कमी भाव शोधणारी योजना मग नळाचे काम खुशाल वायरमनला देऊन टाकते. शिवाय एकाच घटनेला दोन योजना लागू पडल्या, तर जेसन सहसा आधी लिहिलेली उचलतो. म्हणजे फाइली जोडण्याचा क्रम बदलला तरी एजंटाचे वागणे बदलू शकते. इतकी नाजूक रचना दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता येत नाही.

मेलबर्नच्या जॅक या एजंट-भाषेने यावर ‘कपॅबिलिटी’ आणली. योजना, घटना आणि समजुती एकत्र बांधायच्या, आणि बाहेर काय दिसेल ते जाहीर करायचे. गोल या भाषेत मॉड्यूलमध्ये शिरलेला एजंट तेवढ्यापुरता त्यातल्या नियमांनी कृती निवडतो. जेसनने नेमस्पेसचा, म्हणजे नावांच्या स्वतंत्र कप्प्यांचा, मार्ग धरला. तीच फाइल दोन वेगळ्या नावांनी जोडायची. समजुती, उद्दिष्टे आणि घटना आपापल्या नावाखाली राहतात. खासगी नेमस्पेसमधले काही बाहेरून दिसत नाही. मला हा मार्ग अधिक पटतो, कारण कप्पे वेगळे झाले तरी एजंट एकच राहतो आणि दोन्ही कामे सोबत चालवतो.

मात्र दोन्ही कामांचा पैसा एकाच खात्यातून जातो. दोन मॉड्यूलनी तीच शिल्लक गृहीत धरून होकार दिला, तर वेगळ्या नावांनी काही साधत नाही. तो ताळमेळ प्रोग्रॅमरलाच, दोघांना दिसेल अशा सामाईक नेमस्पेसमध्ये, लिहावा लागतो.